मॅनेजरला बोलवा!

"जरा बँकेत जाऊन येतो" या वाक्यात पूर्वी एक अख्खी सकाळ मावत असे. साताऱ्यात तर हे वाक्य उच्चारून घराबाहेर पडलेल्या पुरुषाला दुपारच्या जेवणापर्यंत कोणी हाक मारत नसे. बँकेत गेलेला माणूस म्हणजे कामात असलेला माणूस. वाटेत तो मोती चौकात रेंगाळला, राजवाड्यापाशी चहा प्याला, कुणाच्या दुकानाच्या पायरीवर बसून कोयनेत पाणी किती आलं यावर बोलला, तरी ते सगळं बँकेच्याच नावे खर्ची पडायचं. विचारलंच कुणी, तर उत्तर तयार असे : "गर्दी होती."

आता असं काही म्हणायची सोय नाही. "बँकेत जाऊन येतो" म्हटलं की घरातून तीन दिशांनी एकच प्रश्न येतो, "कशाला? फोनवर होतंय की."

होतं खरं. सगळं फोनवर होतं. लाइट बिल, गॅस, मुलीच्या खोलीचं भाडं, भाचीच्या लग्नाचा आहेर, सगळं. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आमची शाखा राजवाड्याच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर होती. दाराची लोखंडी जाळी साखळीने बांधून एवढीच उघडी ठेवलेली असे, की माणूस आडवा होऊनच आत शिरेल. दरोडेखोर घाईत असतो, त्याला आडवं व्हायला वेळ नसतो, असा काहीतरी त्यामागे विचार असावा. दाराशी दोन नळ्यांची बंदूक घेतलेला वॉचमन. त्या बंदुकीचा उपयोग मी एकच पाहिला. कुठली स्लिप कुठे मिळते हे तो नळीच्या टोकानं दाखवायचा. समोर फळीवर दोरीला बांधलेलं पेन. ती दोरी कुणी मापली होती कोण जाणे, पण रकमेचा शेवटचा आकडा लिहिताना हात थांबायचा आणि स्लिपच पेनाकडे सरकवावी लागायची. शेजारी गोंदाची बाटली. तिच्या तळाशी गोंद होता, पण तो काढायचा तर बाटली फोडावी लागली असती.

पैसे काढायला स्लिप दिली की पितळी टोकन मिळायचं. त्यावर कोरलेला आकडा झिजून गुळगुळीत झालेला. छप्पन्न आहे की शहाऐंशी यावर बाकावरच्या दोघांमध्ये मतभेद व्हायचे, त्यातून ओळख निघायची, ओळखीतून गाव निघायचं आणि गावातून एखादं स्थळही. आमच्या चुलत आत्याच्या मुलीचं लग्न टोकन नंबरच्या घोळातून जमलं असं घरात सांगतात. ओटीपीवरून कुणाचं लग्न जमल्याचं अजून ऐकिवात नाही. ओटीपी मुळात कुणाला सांगायचाच नसतो!

पण शाखेचं खरं वैभव म्हणजे तिथे भांडता यायचं. हे पुरेशा गांभीर्यानं कुणी लिहिलेलं दिसत नाही. शाखा बंद झाल्या, गर्दी आटली, सगळं ऑनलाइन झालं, यावर लोक वृद्धांची गैरसोय वगैरे बोलतात. तेही खरंच. पण मूळ नुकसान हे, की आपल्या पैशाबद्दल हक्कानं आवाज चढवायला समोर माणूस राहिला नाही.

आमचे आबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय ब्याऐंशी. त्यांच्या भांडणाला पायऱ्या होत्या. पहिली पायरी, "साहेब, जरा बघता का?" दुसरी, "तुम्ही बघितलंच नाही." तिसरी, चष्मा काढून खिशात ठेवणं. इथवर आलं की बाकावरची माणसं सरसावून बसायची. आणि मग ब्रह्मास्त्र : "मॅनेजरला बोलवा!" या दोन शब्दांनी संपूर्ण शाखेत शांतता व्हायची. टायपिंग थांबायचं. कॅशियरचा स्पंजाकडे निघालेला अंगठा हवेत राहायचा. काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर येत. बहुतेक वेळा ते आबांचेच विद्यार्थी निघत, नाहीतर विद्यार्थ्याचे मेव्हणे. "या गुरुजी, बसा, चहा घेणार ना?" मग केबिनमध्ये चहा. तक्रार होती तिथेच राही, पण तक्रारदाराचं पूर्ण समाधान होई. आबा घरी येऊन आईला सांगत, "सरळ केलं सगळ्यांना."

एकदा त्यांची सही जुळली नाही. काउंटरवरच्या मुलीनं जुनं सहीचं कार्ड काढून दाखवलं, १९८८ सालचं. आबा ते कार्ड बराच वेळ हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, ही सही माझीच आहे. पण ज्यानं केली त्याचा हात थरथरत नव्हता." मुलीनं काही न बोलता पैसे दिले आणि नवीन कार्डावर सही घेतली. हेच आता फोनवर झालं असतं तर तीन वेळा चुकीची सही म्हणून खातं चोवीस तासांसाठी बंद झालं असतं.

आता कुणी म्हणेल, साताऱ्याचा माणूस बँकेवर इतका जीव का टाकतो. त्याला इतिहास आहे. या गावाची स्वतःची बँक होती. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली इथे विमा कंपनी काढली आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक. मुख्य कचेरी साताऱ्यात! मुंबईत नाही, पुण्यातही नाही. मोठ्या शहरातल्या शाखेतल्या साहेबाला काही अडलं की तो साताऱ्याला विचारायचा, या कल्पनेनंच आमच्याकडे लोकांची छाती दोन इंच फुगलेली असे. १९६९ च्या १९ जुलैला इंदिराबाईंनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यात ही नव्हती. १९८० मध्ये आणखी सहा घेतल्या, त्यातही नव्हती. मग २००६ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिच्या व्यवहारांवर निर्बंध आणले आणि ऑक्टोबर उजाडताच ती आयडीबीआयमध्ये गेली. सत्तर वर्षांची बँक एका महिन्यात पाटीवरून उतरली. गावात काही दिवस लोक त्या पाटीखालून जाताना वर न बघता जात होते.

तेव्हा आम्हाला वाटलं, हे फक्त आपल्याच नशिबी. नंतर बघतो तर सगळ्या देशाच्या पाट्या उतरायला लागल्या. २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या सहयोगी बँका स्टेट बँकेत मिसळल्या. २०१९ च्या १ एप्रिलला देना आणि विजया या बँक ऑफ बडोद्यात. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. हे सगळं नेहमी १ एप्रिललाच का करतात ते आर्थिक वर्षाकडे बघून कळतं, पण खातेदाराला पहिल्यांदा वेगळंच वाटतं. सत्तावीस सरकारी बँका होत्या, बारा राहिल्या. आमच्या शेजारच्या वहिनींनी जागच्या न हलता तीन बँका पाहिल्या. घर तेच, खिडकी तीच, खिडकीमागचा माणूसही तोच, फक्त चेकबुकावरचं नाव बदलत गेलं. एकाच चौकात समोरासमोर दोन शाखा आणि दोन्ही आता एकाच बँकेच्या, तेव्हा एकीला कुलूप लागणं ओघानं आलंच.

आकडेवारीवाले इथे मला अडवतील. देशातल्या बँक शाखांची एकूण संख्या कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. कबूल. विलायतेत मात्र खरोखरच कमी झाल्या. २०१५ नंतर तिकडे सहा हजारांहून जास्त शाखा बंद पडल्या, आणि आता काही गावांत सगळ्या बँकांसाठी मिळून एकच सामाईक जागा करतात, जिथे सोमवारी एका बँकेचा माणूस बसतो, मंगळवारी दुसरीचा. म्हसवडच्या आठवडी बाजारासारखं, फक्त कोंबड्या नाहीत. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे शाखा आहे, दिवे आहेत, एसी तर पूर्वीपेक्षा जास्त आहे. फक्त तिच्यातली बँक निघून गेली आहे.

म्हणजे कसं, ते सांगतो. आमची शाखा जुन्या इमारतीतून पोवई नाक्याकडे नव्या इमारतीत गेली. आत सोफे आले. टोकन आता मशीनमधून कागदी येतं. जाळी गेली, काउंटर गुडघ्याएवढे झाले, सगळं मोकळं मोकळं झालं, आणि त्या मोकळ्या जागेत दिसायला कुणीच नाही. पैसे भरायला एक मशीन, काढायला दुसरं, पासबुक छापायला तिसरं. तिसऱ्यावर "बंद आहे" असा कागद चिकटवलेला. त्यासाठी वापरलेला गोंद मात्र उत्तम प्रतीचा आहे. ते मशीन चालू असेल त्या दिवशी पासबुक आत ओढून घेतं, आतल्या आत बराच विचार करतं आणि बारकोड वाचता येत नाही म्हणून परत देतं. वाचता आलाच तर नवीन नोंद जुन्या नोंदीवर छापतं. त्यामुळे गेल्या वर्षीचं व्याज आणि यंदाचं लाइट बिल एकमेकांच्या अंगावर पडून आमच्या पासबुकात कायमची एक झालीत.

माणसं दिसतात ती विम्याच्या टेबलावर. तिथे मात्र अगत्य आहे. पैसे काढायला आलेल्याला "एटीएम बाहेर आहे" असं सांगणारा तोच आवाज, तुमची मुदत ठेव संपत आली आहे हे पडद्यावर दिसलं की "बसा ना काका" म्हणतो.

काउंटरवर एक तरुण अधिकारी आहे, पाटण्याकडचा. पोरगं परीक्षा देऊन थेट साताऱ्यात येऊन पडलेलं. पहिले काही दिवस त्याला "बॅलन्स किती हाय बघा की वो" यातलं फक्त बॅलन्स कळायचं. आबांनी त्याला मराठी शिकवायचं मनावर घेतलं. पस्तीस वर्षं शिकवलेला माणूस, समोर पोरगं दिसलं की राहवत नाही. रोज पाच वाक्यं. पोरगं हुशार. पण त्यानं स्वतःहून, कुणी न शिकवता, पहिलं बिनचूक मराठी वाक्य उच्चारलं ते, "उद्या या." शाखेच्या भिंतीतच ते वाक्य मुरलेलं असणार.

ऑनलाइनच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील हा कुरकुऱ्या आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि रांगेत उभं राहून पाय सुजलेल्या लोकांनी ते मुकाट्यानं स्वीकारलं. आज एका महिन्यात या मार्गानं दोन हजार कोटींच्या वर व्यवहार होतात. भाजीवाल्या मावशीकडे सुट्टे नसल्यामुळे जी कोथिंबिरीची जुडी जबरदस्तीनं घ्यावी लागायची ती आता लागत नाही, हा माझ्या मते या शतकातला मोठा आर्थिक सुधार आहे. फक्त तो स्पीकर. पूर्वी आपण किती पैसे दिले हे दोघांनाच कळायचं. आता वडापावच्या गाडीवर पैसे दिले की तो डबा खणखणीत आवाजात रक्कम जाहीर करतो. डॉक्टरांनी तळकट बंद सांगितलेल्या माणसाचे साठ रुपये पोवई नाक्याच्या सिग्नलपर्यंत ऐकू जातात. आमच्या घरी तर ते मी पोहोचायच्या आधीच पोहोचलेले असतात.

पासवर्डांचं काय करायचं, हा दुसरा भाग. एटीएमचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉन शेफर्ड-बॅरन हे साहेब जन्मले आपल्या शिलाँगमध्ये. १९६७ साली लंडनमध्ये त्यांचं पहिलं मशीन बसलं. त्यांना म्हणे सहा आकडी नंबर ठेवायचा होता, लष्करातला स्वतःचा क्रमांक त्यांना पाठ होता म्हणून. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. संपलं. जगात बहुतेक ठिकाणी पिन चार आकडी झाला. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. नंतर ज्यांनी नेटबँकिंग काढलं त्यांनी घरी विचारलेलं दिसत नाही. एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक ते गोगलगाईसारखं चिन्ह, शिवाय मागच्या तीन पासवर्डांपैकी नको, आणि तीन महिन्यांनी पुन्हा नवा. हे सगळं लक्षात ठेवून परत कुठेही लिहून ठेवायचं नाही. आमच्याकडे ते कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, दुधाच्या खाड्यांच्या आणि सिलिंडरच्या तारखेच्या मधोमध. चोराला सापडलं तरी त्याला तो दुधाचा हिशोबच वाटेल, यावर आमची सगळी सुरक्षा उभी आहे.

मध्यंतरी लाइट बिल भरलं. खात्यातून पैसे गेले, बिल भरलं गेलं नाही. पडद्यावर एवढंच : "व्यवहार प्रलंबित आहे."

आबांनी विचारलं, "पैसे कुठे आहेत?"

"वाटेत आहेत."

"वाटेत म्हणजे? पुण्याच्या पुढं का अलीकडं?"

मी म्हटलं, "आबा, तसं नसतं ते."

"आपल्याकडून निघाले, तिकडं पोचले नाहीत. कुठंतरी असतीलच की. कुणाकडं आहेत त्याचं नाव विचार."

प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुणाकडे असेल असंही वाटेना. ग्राहक सेवेला फोन लावला. हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, मराठीसाठी पाच. पाच दाबल्यावर मराठी गाणं लागावं तसं थोडं संगीत झालं, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एका बाईनं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मग महत्त्वाचा कॉल तुटला. ॲपमधल्या चॅटवर गेलो. तिथे एक यांत्रिक मुलगी होती, नाव अगदी सालस. तिला लिहिलं, पैसे गेले. तिनं विचारलं, तुम्हाला वैयक्तिक कर्ज हवं आहे का? आबा मागून बघत होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला धसका बसला, कारण पुढची पायरी मला ठाऊक होती.

"हिला सांग, मॅनेजरला बोलव."

मी लिहिलं. ती म्हणाली, "माफ करा, मला हे समजलं नाही."

ब्याऐंशी वर्षांत त्या ब्रह्मास्त्राला असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं असणार. आबा काही बोलले नाहीत. गॅलरीत जाऊन बसले. दोन-तीन दिवसांत पैसे आपोआप खात्यात परत आले. कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही, कुणी चहा पाजला नाही. "बघा, झालं ना नीट?" असं आबांना म्हटलं, तर म्हणाले, "झालं, पण केलं कुणी?" कुणावर राग काढावा हे कळलं नाहीच, आता आभार कुणाचे मानायचे तेही कळेना.

माणसाच्या आवाजात, आपुलकीनं, आपलं पूर्ण नाव घेऊन बँकेतर्फे फोन करणारा आता एकच उरला आहे, तो म्हणजे भामटा. त्याची सेवा बघा. सकाळी बरोबर साडेदहाला फोन. "नमस्कार सर, तब्येत कशी आहे?" लंच टाइम नाही, लिंक डाऊन नाही. तुम्हाला ऐकू आलं नाही तर तो पुन्हा सांगतो, तिसऱ्यांदा सांगतो, कुठलं बटण कुठे आहे ते आईच्या मायेनं दाखवतो. केवायसीची मुदत संपली म्हणून तुमच्यापेक्षा तोच काळजीत. खऱ्या बँकेनं इतक्या वर्षांत एकदा इतक्या प्रेमानं विचारलं असतं तर या भामट्यांचा धंदा बसला असता. खरी बँक म्हणते, आम्ही तुम्हाला कधीही फोन करणार नाही. आणि हे वचन ती काटेकोरपणे पाळते.

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेनं आता सगळ्या बँकांना संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन लावायला सांगितलं आहे, म्हणजे खरी बँक कोणती ते ओळखू येईल. चांगलंच आहे. आबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पूर्वी बंदूकवाला बघून ओळखायचो." फसलाच कुणी, तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करायचा. तिथे माणूस बोलतो. हे चेष्टेत लिहीत नाही, कालनिर्णयच्या मागे हाही नंबर लिहून ठेवा.

अंगठ्याची गंमत राहिली. म्हसवड आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा काही प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून परवाना नाकारला गेला. सिन्हाबाई सांगतात, त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि तिथे म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. तेव्हा त्यांच्यासमोर टेबल होतं, टेबलापलीकडे नकार देणारा माणूस होता, म्हणून त्याला आव्हान देता आलं. आता नकार पडद्यावर लाल अक्षरात येतो आणि त्याला तोंडी व्याजाचं गणित घालता येत नाही. आणि काळाचा विनोद असा, की ज्या अंगठ्यापायी तेव्हा परवाना अडला, तोच अंगठा आज फोनच्या पाठीवर टेकवला की सगळ्यात भरवशाचा पासवर्ड ठरतो. त्या बायका वीस वर्षं आधी आल्या होत्या, एवढीच त्यांची चूक.

दिवाळीत आणखी एक पंचाईत होते. लक्ष्मीपूजनाला कोऱ्या नोटांचं बंडल लागायचं. ते मिळवायला कॅशियरची ओळख लागायची, आणि ओळख राखायला वर्षभर त्याला अधूनमधून कंदी पेढे. ते बंडल पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं की लक्ष्मी घरात आल्याचं दिसायचं तरी. आता आमच्या घरातली सगळी लक्ष्मी फोनमध्ये. गेल्या दिवाळीत मुलीनं फोनच पाटावर ठेवला. आईनं विचारलं, "याच्यावर पाणी शिंपडलं तर चालतं का?" शेवटी स्क्रीनवर कागद पसरून त्यावर कुंकू वाहिलं. आरती चालू असताना कुणीतरी वर्गणीसाठी विनंती पाठवली आणि लक्ष्मी वाजली.

पण आबांचा खरा सण नोव्हेंबर. हयातीचा दाखला. बँकेत पेन्शनरांची यादी येते, आपल्या नावासमोर सही करायची, म्हणजे पुढचं वर्षभर आपण जिवंत आहोत असं सरकार मानतं. आबा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात. आता हे सुद्धा घरबसल्या होतं. २०१४ पासून जीवन प्रमाण आहे, आता तर बोटाचा ठसाही नको, नुसता चेहरा दाखवायचा. मी हौसेनं ॲप घेतलं, आबांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. फोननं सांगितलं, डोळे मिचकावा.

"काय म्हणतोय?"

"डोळे मिचकवायला सांगतोय."

"कुणाकडं बघून?"

"फोनकडं."

दोन्ही डोळे एकदम मिटून उघडायचे, एवढंच होतं ते. पण आबांचा गैरसमज झाला आणि त्यांनी एकच डोळा मारला. नेमकी तेव्हाच सून चहा घेऊन समोर आली. पुढचा अर्धा दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. "पस्तीस वर्षं शाळेत कुणाला करू दिलं नाही, ते सरकार या वयात करायला लावतंय," एवढंच म्हणाले. दाखला निघाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून शाखेत गेलो.

तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर ती यादी होती. आबांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. त्यांनी आधी यादी वाचायला घेतली. बोट एकेका नावावरून हळूहळू खाली. "हा आला होता. हा आला. हा अजून नाही आला, गुडघा दुखतो त्याचा, येईल." एका नावापाशी बोट थांबलं. त्यावर बँकेनं शिसपेन्सिलीनं रेघ मारली होती. आबांनी टेबलावरच्या मॅडमना विचारलं, "कधी?" मॅडम म्हणाल्या, "जूनमध्ये, गुरुजी. सूनबाई येऊन सांगून गेल्या." मग आबांनी स्वतःच्या नावासमोर सही केली, थरथरती, नव्या कार्डावरच्यासारखी. बाहेर सोफ्यावर आणखी चौघे जण सही करून बसले होते. कुणालाच घरी जायची घाई नव्हती. पाटण्याचा तो मुलगा सगळ्यांना हातानं पाणी देत होता आणि प्रत्येकाला "कसं काय, बरं आहे ना?" असं सातारी सुरात विचारत होता.

सत्तरी ओलांडलेल्यांना बँकेनं घरपोच सेवा द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा आदेश आहे. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, आणि जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्या घरच्यांनी तो हक्क जरूर मागावा. मी आबांना म्हटलं, पुढच्या वर्षी बँकेचा माणूसच घरी बोलावू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी गणित चुकवलं असावं.

"बँक घरी आली, तर मी जायचं कुठं?"

तर ज्या कुणा साहेबांकडे हे ठरवायचं काम असेल, त्यांना विनंती. ॲप ठेवा, मशीनं ठेवा, सोफे तर ठेवाच. पासबुकाचं मशीन दुरुस्त केलंत तर उपकार होतील. पण प्रत्येक शाखेत टेबलामागे एक माणूस बसवा, ज्याला भांडून बोलावता येईल. त्याला मराठी येत असेल तर उत्तम. नसेल, तर साताऱ्याला पाठवा, आबा शिकवतील.